आधी गोठा, मग शेळी

आम्ही जुन्नर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या महिला. आज बोलायचंय ते आपल्या उसात राहणाऱ्या शेजाऱ्याबद्दल, बिबट्याबद्दल.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईच्या दोन शेळ्या बिबट्यानं मारल्या. गटाच्या कर्जातून घेतलेल्या शेळ्या. शेळ्या गेल्या, हप्ते राहिले. घाबरून तिनं मेलेल्या शेळ्या पुरून टाकल्या. पंचनामा झाला नाही, भरपाईही गेली. त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही सगळ्या एकच म्हणत होतो, पिंजरा लावा आणि त्याला लांब नेऊन सोडा.

मग वनरक्षक ताईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, हे आपल्याकडे करून झालंय. जुन्नर भागात पूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. २००१ पासून धरलेले बिबटे दुसरीकडे सोडायला लागले, तेव्हा हल्ले वर्षाला १७ वर गेले. विद्या अत्रेया यांनी हा अभ्यास केला आहे. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि इथली रिकामी जागा दुसरा बिबट्या घेतो. सोडलेला तिथंच राहतो असंही नाही. २००९ मध्ये गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला! माणसावर हल्ला झाला तर पिंजऱ्याचं वनखातं बघेल. पण नुसता दिसला म्हणून धरून उपयोग नाही.

धरणाचं पाणी आलं, ऊस आला. वर्षभर उभ्या उसात लपायला जागा, आणि गावात कुत्री, शेळ्या, कोंबड्या. ताट आपणच वाढून ठेवतो, मैत्रिणींनो.

म्हणून आम्ही गटाचा नियम केला. शेळीसाठी कर्ज हवं, तर आधी गोठा दाखवायचा. चारी बाजूंनी जाळी, वरूनही बंद, दाराला पक्की कडी. जाळीसाठी लागलं तर गट वेगळं कर्ज देतो. मेलेलं जनावर किंवा कोंबड्यांची घाण उघड्यावर टाकायची नाही. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. संध्याकाळी सातची बैठक आता चार वाजता घेतो.

खुरपायला एकटीनं जाऊ नका. वाकून बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. दोघी-तिघी जा, मोठ्यानं बोलत राहा. दिवस मावळल्यावर लेकरं अंगणात एकटी सोडू नका. परसाकडे जाताना बॅटरी आणि सोबत हवीच. बिबट्या समोर आला तर पळू नका, खाली बसू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून, ओरडत हळूहळू मागे सरका.

ऊसतोडीत पिल्लं सापडली तर हात लावू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. आई जवळच असते, रात्री येऊन पिल्लं नेते. ‘हॅलो फॉरेस्ट’च्या १९२६ क्रमांकावर फोन करा. जनावर मारलं गेलं तर ते जागचं हलवू नका, लगेच वनखात्याला कळवा.

त्या ताईचे हप्ते आम्ही लांबवून दिले. तिचा गोठा सगळ्यांनी मिळून दोन दिवसांत जाळीबंद केला. आता तिथं एक शेळी आणि दोन करडं आहेत.

भीती गेली असं आम्ही म्हणणार नाही. रात्री कुत्री भुंकली की अजून जाग येते. पण आता झोपण्याआधी कडी लावलेली असते.