वादळ सगळ्यांवर येते, बुडते कोण?

(स्त्री कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या सत्राचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर 'हवामानबदल, अर्थव्यवस्था आणि आपण' असा छापला आहे. इतके मोठे नाव वाचले की आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटते, हे काम तज्ज्ञांचे. आपण आपले रेशन, पोटगी, दारूचे गुत्ते आणि मारहाणीच्या केसेस सांभाळाव्यात. मला आज असे मांडायचे आहे की हा विषय रेशनचा आणि सातबाऱ्याचाच आहे. तो तसा समजून घेतला नाही तर दर दुष्काळात आणि दर पुरात आपण फक्त जुने कपडे आणि धान्य गोळा करत राहू.

सुरुवात आपल्या शेजारच्या बांगलादेशापासून करते, कारण तिथला हिशेब फार स्पष्ट आहे.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला बेटाच्या परिसरात चक्रीवादळ आले. तेव्हा तो भाग पूर्व पाकिस्तान होता. त्यात तीन ते पाच लाख माणसे मेली. २९ एप्रिल १९९१ ला चितगावच्या किनाऱ्यावर तसेच भयंकर वादळ आले, सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली. नोव्हेंबर २००७ मध्ये 'सिद्र' आले. तेही अतितीव्र वादळ होते. मृत्यू झाले सुमारे ३,४००. मे २०२० मध्ये 'अम्फान' आले तेव्हा बांगलादेशात वीस लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला.

किनारा तोच, समुद्र तोच. देश श्रीमंतांच्या यादीत गेला असेही नाही. मग लाखांचे हजार आणि हजारांचे शेकड्याच्याही आत कसे आले? १९७० नंतर तिथे गावोगाव स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, सायकलवरून भोंगा घेऊन इशारा देणारी. उंच खांबांवर पक्के निवारे बांधले गेले. म्हणजे वादळ निसर्गाने पाठवले, पण त्यात किती माणसे मरायची हे समाजाच्या व्यवस्थेने ठरवले.

आता १९९१ कडे बायकांच्या बाजूने पाहा. वीस ते चव्वेचाळीस वयाच्या गटात पुरुषांमध्ये हजारी १५ मृत्यू झाले, स्त्रियांमध्ये हजारी ७१. एकाच गावात, एकाच लाटेत! कारणे तपासली तेव्हा जे पुढे आले ते आपल्याला मुळीच परके नाही. इशारा बाजारात आणि चौकात दिला गेला, तिथे पुरुष होते. घरधनी आल्याशिवाय घर कसे सोडायचे, म्हणून बाई थांबली. निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत कसे जायचे, म्हणून कचरली. कडेवर मूल, अंगाला ओली साडी, आणि पोहायला कोणी कधी शिकवले नाही. या बाईला लाटेने मारले असे आपण म्हणतो. पण परवानगीची वाट पाहायला तिला कोणी शिकवले?

पुढे तिथे निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या आणि संडास यांचा विचार सुरू झाला, स्वयंसेवकांत बायका आल्या. आज त्या सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांपैकी निम्म्या स्त्रिया आहेत. बाईच्या दारात बाई येऊन 'चल' म्हणते, तेव्हा ती निघते. बायकांना व्यवस्थेत जागा दिली की जीव वाचतात, यासाठी दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

चार प्रश्न

एखादा देश किंवा वस्ती संकटात का कोलमडते हे पाहायला मी चार साधे प्रश्न विचारते. कमाईचा आधार एकच आहे का? गाठीला काही आहे, की आधीच कर्ज आहे? कागदावर नाव कोणाचे आहे? आणि निर्णय होतो तिथे आवाज कोणाचा आहे? हे प्रश्न देशाला लागू पडतात आणि आपल्या तांड्यालाही.

ग्रेनाडा नावाचा कॅरिबियन समुद्रातला एक लहानसा देश आहे. आपल्या एखाद्या तालुक्याएवढा. तिथले मुख्य पीक जायफळ. सप्टेंबर २००४ मध्ये 'आयव्हन' वादळ आले आणि दहातल्या सुमारे नऊ घरांचे नुकसान झाले. जायफळाच्या बागा आडव्या झाल्या. जायफळाचे झाड फळाला यायला सहा-सात वर्षे तरी लागतात, म्हणजे एका दिवसात कित्येक वर्षांची कमाई गेली. एकूण नुकसान देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट होते. त्यात डोक्यावर आधीचे कर्ज. घर उभे करायचे की हप्ता भरायचा, हा प्रश्न अख्ख्या देशापुढे उभा राहिला.

पाकिस्तानात २०२२ च्या पुरात ३ कोटी ३० लाख लोकांना झळ बसली, १,७०० हून अधिक माणसे मेली. जगाच्या धुरात त्या देशाचा वाटा एक टक्क्याहून कमी. नुकसान ३० अब्ज डॉलरच्या घरातले, आणि बाहेरचे कर्ज आधीच १०० अब्जांच्या वर. मे २०२३ मध्ये तिथे महागाई वर्षाला ३८ टक्क्यांच्या दराने वाढत होती. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून तीन अब्ज डॉलरचे कर्ज मिळाले, त्याच्या अटींत कर वाढवणे आणि वीज महाग करणे आले. पुरात ज्या बाईची शेळी आणि कणगी वाहून गेली, तिलाच महागडे पीठ आणि महागडी वीज सोसावी लागली. 'आर्थिक संकट' आणि 'हवामानाचे संकट' हे दोन विषय कागदावर वेगळे असतात. तिच्या चुलीपाशी ते एकच असतात.

गरीब देशांनी अनेक वर्षे भांडून नोव्हेंबर २०२२ मध्ये, इजिप्तमधल्या शर्म अल्-शेखच्या परिषदेत, नुकसानभरपाईचा एक जागतिक निधी मान्य करून घेतला. हा विजय लहान नाही. पण पुढच्या वर्षी दुबईत श्रीमंत देशांनी त्यासाठी जी आश्वासने दिली, ती सगळी मिळून एक अब्ज डॉलरच्याही आत होती. एकट्या पाकिस्तानचे नुकसान ३० अब्जांचे. सरकारी मदतीचा चेक हातात घेऊन तलाठ्याच्या कचेरीबाहेर उभ्या राहिलेल्या आपल्या बायांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्याकडचा कोयता

आता हेच चार प्रश्न घेऊन बीड जिल्ह्यात या.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात पाऊस बेभरवशाचा. कोरडवाहू जमिनीत एक खरीप. तो गेला की वर्ष गेले. दिवाळीच्या आसपास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती सहा महिने फेडायची. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते, फिटते मात्र दोघांच्या घामाने. पहाटे उठून भाकरी करणे, पाणी आणणे, मग तोडणे, मोळ्या बांधणे, डोक्यावरून गाडीत भरणे. हिशेबाच्या वहीत तिचे नाव नसते, ती कोयत्याचा अर्धा भाग असते.

दिवस चुकला की 'खाडा'. खाड्याचा दंड कापला जातो. पाळीच्या दिवसात, अंगावरून जात असताना, बाळंतपणानंतर, कधीही. फडावर संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही. जंतुसंसर्ग होतो, दवाखान्यात गेले की 'पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल' असे सांगणारे खासगी डॉक्टर भेटतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. साधारण सहा जणींत एक. त्यांतल्या अनेक जणी तिशी-पस्तिशीच्या.

याला केवळ आरोग्याचा प्रश्न म्हणू नका. पाऊस गेला, कर्ज झाले, कर्जाने फडावर नेले, फडावर खाड्याची भीती, आणि त्या भीतीपोटी अवयव गेला. ही एकच साखळी आहे. हिचेच दुसरे टोक म्हणजे कोयत्याला जोडी हवी म्हणून मुलीचे अठराच्या आत उरकलेले लग्न.

आणि ज्या पिकासाठी हे सारे, त्या उसाचे काय? राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्रापैकी सुमारे चार टक्क्यांवर ऊस आहे आणि सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी तो पितो, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच नोंदवले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचे पाणी आणावे लागले. त्याच मराठवाड्यात कारखान्यांना उसाची परवानगी होती. पाणी कोणत्या पिकाला, कोणत्या गावाला, हा निर्णय आभाळात होत नाही, कचेरीत होतो. तिथे हंडा वाहणारी बाई नसते.

एक कलम

आता ग्रेनाडाकडे परत जाते, कारण तिथे पुढे एक महत्त्वाची गोष्ट घडली. कर्ज फिटत नाही म्हटल्यावर २०१५ च्या सुमारास त्या देशाने सावकारांशी पुन्हा वाटाघाटी केल्या आणि कर्जरोख्यात वादळाचे कलम घालून घेतले. मोठे वादळ आले तर हप्ते काही काळ थांबतील. जुलै २०२४ मध्ये 'बेरिल' वादळ आले तेव्हा ते कलम वापरले गेले आणि तो पैसा देशाच्या हातात राहिला.

मैत्रिणींनो, एका तालुक्याएवढ्या देशाने जागतिक सावकारांकडून हे लिहून घेतले. त्यांच्या कर्जपत्रात वादळाचे कलम आहे, आपल्या उचलीत फक्त खाड्याचे आहे. मग आपल्या उचलीत पाळीचे, बाळंतपणाचे, आजारपणाचे, दुष्काळाचे कलम का असू नये? बचत गटाच्या आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जात अतिवृष्टीचे कलम का असू नये? पुरात घर गेले तरी सोमवारी हप्त्याला माणूस दारात उभा असतो. ही मागणी अवास्तव नाही, हे ग्रेनाडाने दाखवून दिले आहे.

आपल्याला लढून मिळवायची सवयही आहे. १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या बाया आज सत्तरीत आहेत. खडी फोडणे, लाल मिलो, सुकडी, सारे त्यांनी पाहिले. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती आणि त्यांत बायकांची संख्या मोठी होती. हाल अतोनात झाले, जनावरे गेली, पण १९४३ च्या बंगालसारखी माणसे लाखांनी मेली नाहीत, कारण हाताला काम मिळाले. ते काम आपोआप मिळाले नाही. गावोगाव मोर्चे निघाले, घेराव झाले. शहरात १९७२ मध्येच मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली, लाटणे मोर्चे निघाले. त्या सगळ्या रेट्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा आला, त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. संकटातल्या माणसाचा भार सगळ्या राज्याने उचलायचा, हे तत्त्व आपल्या आयांनी कायद्यात लिहून घेतले. आज त्या तत्त्वाला धक्का लागत असेल तर पहिला आवाज आपला निघाला पाहिजे.

शिबिरातून परत जाताना प्रत्येकीने तीन कामे घेऊन जावीत असे मला वाटते.

पहिले, आपल्या गावातली यादी करा. एकट्या राहणाऱ्या, टाकलेल्या, विधवा, गरोदर, अपंग बाया कोण आहेत? पूर आला, उष्णतेची लाट आली, तर त्यांच्या दारात कोण जाणार? नावानिशी ठरवा आणि ती यादी ग्रामसभेत मांडा.

दुसरे, कागद. पिकाची भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. राबते बाई, नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे. नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम काढून बायकांची नावे जमिनीला लावायला पुरुषांना प्रवृत्त केले होते. ते काम अर्धेच राहिले आहे. सातबारा, घराचा उतारा, बँकेचे खाते, या तिन्हींवर तिचे नाव आहे का ते तपासा.

तिसरे, उचलीचा हिशेब. फडावर जाणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव वेगळे नोंदले जावे, मजुरी तिच्या खात्यात यावी, खाड्याचा दंड बंद व्हावा. ऊस सुरू होण्याआधी, भादव्यातच, ही मागणी घेऊन साखर आयुक्तांकडे आणि कारखान्यांकडे गेले पाहिजे. बायका गाडीत बसल्यावर फार उशीर झालेला असतो.

उद्याच्या सकाळच्या सत्रात जिल्हावार गट पाडून या तीन कामांच्या तारखा ठरवू. प्रत्येक गटाने आपला कागद लिहून आणावा आणि त्यावर कोण काय करणार ते नावासकट लिहावे.