एका देहांतील अनेकांचें घर

पेण-रोह्याकडील खेड्यांत "तिच्या अंगांत येतें" हें वाक्य ज्या सहजतेनें उच्चारलें जातें, तिचें शहरांतील सुशिक्षितांस हसूं येतें. परंतु बोलणारें माणूस नेहमींचेंच असेल असें नाहीं, एवढें तरी त्या वाक्यानें मान्य केलेलें असतें. प्रत्येक संचार हा रोग नव्हे. २०२२ पासून अंमलांत असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणांतही समाजमान्य धर्माचारांतील संचार आजारांत धरलेला नाहीं. तो नको असतांना येऊं लागला व संसार विस्कटूं लागला, म्हणजे मात्र वैद्यकाचा विषय सुरू होतो.

मारहाणीपासून किंवा त्याहूनही वाईट अत्याचारापासून ज्या मुलास पळावयास जागा नसते, तें मनांतल्या मनांत पळतें. असह्य आठवण जाणिवेच्या मुख्य प्रवाहापासून तुटते. फ्रान्समधील प्येर जाने यांनीं १८८९ सालींच अशा विभागलेल्या जाणिवेचें विवेचन केलें होतें. मतभेद आहेत, तरी आज पुष्कळ तज्ज्ञ असें मानतात कीं, अशाच तुटलेल्या भागांतून पुढें एका देहांत निरनिराळ्या नांवांचीं व स्वभावांचीं माणसें नांदूं लागतात.

त्यांचें आपसांत जमतें का? बोस्टनच्या मॉर्टन प्रिन्स या डॉक्टरांनीं १९०६ सालीं एका शांत, धर्मभीरु विद्यार्थिनीची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्याच देहांतील 'सॅली' ही खोडकर व्यक्ति तिला कोळी भरलेली डबी पाठवी. सॅलीस तिचे विचार ठाऊक असत. तिला मात्र सॅलीची वार्ताही नसे. एकीला सारें माहीत व दुसरी अंधारांत, अशी स्थिति तर सासूसुनांच्या घरांतही धड निभत नाहीं! प्रिन्स यांनीं अखेर सॅलीस घालविण्याचाच प्रयत्न केला. आजचे उपचारक सहसा असें करीत नाहींत. जो भाग सर्वांत कडवट बोलतो, त्यानेंच पुष्कळदां पूर्वींचा मार सोसलेला असतो. त्याला हाकलण्याऐवजीं इतरांशीं त्याची ओळख करून देतात. एकाच वहींत सर्वांनीं आळीपाळीनें लिहावें, हा त्यांतला एक साधा उपाय. कित्येकांना पुढें एकरूप व्हावयाचें नसतें. 'आम्ही' म्हणूनच समजुतीनें राहावें, अशी त्यांची इच्छा असते, व ती गैर नाहीं.

घरच्यांचे हाल निराळेच. १९७४ सालीं नागपुरांतील एक सुशिक्षित मराठी अविवाहिता अकस्मात् 'शारदा' या नांवानें बंगाली बोलूं लागली व आईबापांस ओळखीनाशी झाली. कांहीं संशोधकांनीं त्यांत पुनर्जन्म पाहिला, कांहींनीं मनाचें विभाजन. वाद कसाही सुटो. समोर बसलेली मुलगी आपली भाषाच जाणत नाहीं, हें त्या मातापित्यांस वारंवार पाहावें लागलें.

अशा वेळीं भगताकडे नेऊन चाबूक ओढविणें म्हणजे ज्या माराच्या भयानें मन फुटलें, तोच मार पुन्हां देणें. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. घरच्यांनीं खरेंखोटें ठरविण्याच्या भरीस पडूं नये. जी व्यक्ति समोर आली असेल तिला नांव विचारावें, भीति कशाची वाटते तें विचारावें, आणि ती पुढें काय सांगते तें घरांत चारचौघांपुढें बोलूं नये. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसल्यास १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठींतही बोलतां येतें. दूरध्वनि रोग्यानेंच केला पाहिजे असें नाहीं, घरच्यांसही तो करतां येतो.