चार मिलिमीटर

मी पडलो बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध शाळेच्या प्रयोगवहीपुरता. त्या वहीत किरणांच्या आकृत्या काढाव्या लागत. सरळ रेषा, तिच्यावर बाण, भिंगापाशी थोडं वळण, पलीकडे सगळ्या रेषांची एका बिंदूत भेट. प्रकाश म्हणजे काय, या खोलात शिरायचं नाही. तो कुठून कुठे जातो, तेवढं मोजायचं. भौमितिक प्रकाशशास्त्र म्हणतात ते हेच. मला ते फार कोरडं वाटे.

माझ्या अम्मीच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा डोळ्यात भिंग बसवणं आम्हाला परवडणारं नव्हतं. दहा नंबरचा जाड चष्मा मिळाला. अम्मी काज-बटणाचं काम करायची. नव्या चष्म्याने तिचं डोकं दुखे. सुई ओवताना ती एक डोळा मिटून घेई. चष्म्याच्या दुकानात उत्तर ठरलेलं : ‘ऑपरेशनचा डोळा आहे, एवढंच दिसणार.’ हळूहळू तिने काम सोडलं. मी त्या मिटलेल्या डोळ्यावर कविता लिहिली. छापूनही आली.

दोन वर्षांनी एका शिबिरात डॉक्टरांनी तो चष्मा यंत्रावर ठेवला. म्हणाले, ‘नंबर बरोबर आहे, मध्य चुकलाय.’ भिंगाच्या मध्यातून जाणारा किरण सरळ जातो, बाजूने गेला की वळतो. मध्य बुबुळासमोर हवा. इथे तो दोन्हीकडे चार-चार मिलिमीटर सरकलेला. अम्मीला एका सुईच्या दोन सुया दिसत होत्या.

म्हणून हबल दुर्बिणीची हकिकत पुढे वाचली, तेव्हा ती मला घरातलीच वाटली. ही दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात गेली. तिचा आरसा २.४ मीटर व्यासाचा, अत्यंत काटेकोर घासलेला; पण चुकीच्या आकारात. कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट. कडेवरून आणि मध्यावरून परतलेले किरण एका बिंदूत भेटेनात. प्रत्येक ताऱ्याभोवती धुकं. कारण काय, तर आरसा तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. गंमत म्हणजे, दुसऱ्या दोन साध्या उपकरणांनी दोष दाखवलाही होता. ती कमी भरवशाची म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. इथे मला अम्मीचा मिटलेला डोळा आठवतो.

आरसा बदलणं शक्य नव्हतं. पण किरण कुठे चुकतो ते नेमकं मोजता आलं, म्हणून तितकीच उलटी चूक असलेले छोटे आरसे घडवता आले. ते किरणांच्या वाटेत कसे बसवायचे, हे जेम्स क्रॉकर या अभियंत्याला जर्मनीतल्या हॉटेलच्या न्हाणीघरात, वर-खाली सरकणारा शॉवर बघून सुचलं. (कवींनाही तिथेच सुचतं, पण ते असो.) डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ते आरसे बसवले. त्याच फेरीत कॅमेराही बदलला. दोष सुधारणारे आरसे त्याच्या पोटातच होते. दोन वर्षांनी या कॅमेऱ्याने आकाशाच्या एका काळ्या ठिपक्याकडे दहा दिवस पाहिलं. त्या ठिपक्यात सुमारे तीन हजार दीर्घिका निघाल्या.

अम्मीचा नवा चष्मा आठवड्यात आला. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिने सुई ओवली आणि विचारलं, ‘हे आधी का नाही रे मोजलं कुणी?’

ती कविता मी संग्रहात घेतली नाही.