बारावीचे टक्के आणि डॉक्टरकीची वाट



बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत दोन आठवडे दुसरा विषय निघत नाही. हप्ता भरायचा राहतो, पण कुणाच्या पोरीला किती पडले ते सगळ्यांना पाठ असतं. आणि गावोगाव फिरताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो, "ताई, मेडिकलला जायचं तर नव्वदच्या वर पाहिजेत ना?" आज तेवढ्याच प्रश्नावर बोलते.

नाही, नव्वद लागत नाहीत. एमबीबीएसला जायला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी या तीन विषयांत मिळून ५० टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १५०. एससी, एसटी, ओबीसी असाल तर ४० टक्के, म्हणजे ३०० पैकी १२०. तिन्ही विषयांत आणि इंग्रजीत पास पाहिजे. बस्स. ५५ टक्केवाली आणि ९५ टक्केवाली या दाराशी सारख्याच उभ्या राहतात. पुढचं सगळं ठरतं ते नीट नावाच्या परीक्षेवर.

मग नव्वदची गोष्ट आली कुठून? ती अगदीच खोटी नाही, जुनी आहे. आपल्या आधीच्या पिढीत बारावीच्या याच तीन विषयांच्या मार्कांवर मेडिकलची यादी लागायची. एका मार्कानं नंबर हुकला म्हणून आयुष्यभर हळहळणारी माणसं तुमच्याही नात्यात असतील. पुढे राज्याची सीईटी आली आणि २०१७ पासून आपल्याकडे सगळे प्रवेश नीटवर व्हायला लागले. नियम बदलला, पण पारावरची चर्चा तीच राहिली. पेढे वाटायचे तर टक्क्यांवरच वाटतात ना अजून!

आता नीट म्हणजे काय ते आईला माहीत पाहिजे, कारण फॉर्म भरताना पैसे तीच काढून देते. साधारण मे महिन्याच्या सुरुवातीला रविवारी दुपारी हा पेपर असतो. १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर उत्तराला ४ मार्क मिळतात, चुकलं तर १ कापला जातो, आणि सोडून दिलं तर काहीच होत नाही. समजा एखादीचे १२० बरोबर आले आणि ३० चुकले, तर ४८० मधून ३० गेले, उरले ४५०. तेच ३० प्रश्न ठोकताळ्यानं न सोडवता तिनं कोरे ठेवले असते तर ४८० राहिले असते. बारावीच्या बोर्डात आपण मुलांना सांगतो की काहीतरी लिहून ये, कोरं ठेवू नको. इथं तो सल्ला अंगाशी येतो.

म्हणजे ही दोन वेगळी कामं आहेत. बोर्डात लिहून दाखवायचं, सुबक आकृती काढायची. नीटमध्ये तीन तासांत १८० प्रश्न, एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. यातले निम्मे, म्हणजे ९० प्रश्न एकट्या बायोलॉजीचे. दोघींना सारखेच मार्क पडले तर आधी बायोलॉजीचेच मार्क बघतात. ज्या पोरीला गणिताची भीती आहे पण वाचलेलं लक्षात राहतं, तिच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. प्रश्न अकरावी आणि बारावी दोन्ही वर्षांवर असतात. 'अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष' असं जे घराघरात म्हणतात, ते मेडिकलवाल्यांना चालत नाही. एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न ओळ वाचायची. ती सरकारच्या वेबसाइटवर फुकट मिळतात.

पेपर मराठीत घेता येतो का? येतो. मराठी निवडली तर प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापून येतात. पण आपल्याकडे अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीत असतात. दोन वर्षं 'फोटोसिंथेसिस' वाचलेल्या पोरीला पेपरात 'प्रकाशसंश्लेषण' बघून उलट अडखळायला होतं. माझं मत विचाराल तर ज्या भाषेत अभ्यास केला त्याच भाषेत पेपर द्यावा. फॉर्म भरताना सायबर कॅफेवाल्याला 'तूच भर' असं सांगू नका. पोरीला शेजारी बसवा, भाषेचा रकाना तिनं भरावा.

आणखी एक गैरसमज. "तिच्या मावसबहिणीला गेल्या वर्षी इतक्या मार्कांना लागलं, हिला तर जास्त आहेत." असं धरून चालू नका. २०२४ च्या जूनमध्ये पहिला निकाल आला तेव्हा ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला पेपर इतका अवघड होता की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ मिळाले. म्हणून मार्क नाही, नंबर बघायचा. त्या नंबरावर आपल्या प्रवर्गात, आपल्या राज्याच्या यादीत कुठं बसते ते बघायचं. सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या मुलांसाठी असतात, १५ टक्के देशभरातल्यांसाठी.

हे सगळं आज का सांगते, तर गेल्या काही वर्षांत एका गटात झालेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. एकाच बैठकीत दोघींनी कर्ज मागितलं. एकीला मुलाच्या रिपीटच्या क्लाससाठी पाहिजे होतं. दुसरीला मुलीच्या लग्नासाठी. दोन्ही मुलं एकाच कॉलेजची, दोघांनी नीट दिलेली, दोघांचाही नंबर थोडक्यात हुकलेला. मुलाला बारावीला ६१ टक्के, मुलीला ७८. मी मुलीच्या आईला विचारलं, "अहो, ती पण एक वर्ष रिपीट करू शकते की." ती म्हणाली, "ताई, अठ्ठ्याहत्तरला कोण डॉक्टर करतंय? नव्वद असते तर हिच्या बापाला काही बोलता तरी आलं असतं." शेजारी बसलेल्या ६१ वाल्याच्या आईला मात्र हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो मुलगा दुसऱ्या खेपेला बीएएमएसला लागला. मुलगी सासरी आहे. मुलगी अठरा पूर्ण होती, कायद्यानं काही चुकलं नव्हतं. पण टक्क्यांचं कारण पुढं करून निर्णय झाला आणि ते कारणच खोटं होतं.

नीट कितीही वेळा देता येते. डिसेंबरअखेर १७ वर्षं पूर्ण पाहिजेत, वरच्या वयाची अट आता नाही. किती वेळा द्यायची हे मात्र घरानं डोकं शांत ठेवून ठरवावं. माझ्या पाहण्यात, पहिल्या खेपेला बऱ्यापैकी जवळ आलेल्या पोरीला आणखी एक वर्ष देणं शहाणपणाचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कर्ज काढून क्लास लावायचा असेल तर तो पैसा कुठून फिटणार, ते आधी कागदावर मांडा. मुलगा असो नाहीतर मुलगी, हिशोब एकच.

फीबद्दल. मुलींसाठी एक सोय अजून बऱ्याच घरांत पोचलेली नाही. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. त्यात मेडिकलही आलं. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत पाहिजे आणि प्रवेश सरकारी फेरीतून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. एससी, एसटीला शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. हॉस्टेल आणि मेसचा खर्च उरतोच, तो धरून चाला. क्लाससाठी लाखभर काढण्याआधी ओबीसी, भटक्या विमुक्त जातींच्या मुलामुलींसाठी महाज्योतीचं मोफत नीट प्रशिक्षण आहे, त्याची चौकशी दहावीच्या निकालानंतर लगेच करा.

टक्क्यांपेक्षा जास्त पोरी कशावर अडकतात सांगू? कागदावर. जात प्रमाणपत्र असतं, पण जात वैधता नसते. ती मिळायला महिने लागतात, म्हणून अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे अर्ज टाका. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले शोधायला लागतात, आणि ते माहेरच्या नाही, वडलांच्या बाजूचे लागतात, तेव्हा भाऊबंदांशी जरा गोड बोलून ठेवा. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर मुदतीतलं नॉन क्रिमीलेयर. नावातलं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर जसं आहे तसंच आधारवर आहे का, ते आजच बघा.

निकालानंतर फोन येतात. "मॅडम, मार्क कमी आहेत तरी सीट देतो, आधी पन्नास हजार भरा." खाजगी कॉलेजलासुद्धा प्रवेश नीटच्या क्रमांकानं, सरकारी फेऱ्यांमधूनच होतो. फोनवर सीट विकणाऱ्याला एक रुपया देऊ नका. परदेशात पाठवतो म्हणणाऱ्यांनाही विचारा, नीटमध्ये पात्र झालेली पाहिजे का? पाहिजेच. आणि शिकून परत आल्यावर इथं आणखी एक परीक्षा असते, ३०० पैकी १५० मार्कांची, ती पास झाल्याशिवाय दवाखाना टाकता येत नाही.

एक जड गोष्ट सांगते. तामिळनाडूत अरियलूर जिल्ह्यातल्या अनितानं बारावीला १२०० पैकी ११७६ मार्क मिळवले होते. दलित घरातली, हमाली करणाऱ्या बापाची लेक. तोवर तिकडे बारावीवर प्रवेश व्हायचे. २०१७ ला नीट लागू झाली, तिला ७२० पैकी ८६ पडले. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १ सप्टेंबर २०१७ ला ती आपल्यातून गेली, तिनं स्वतःच जीव संपवला. पुढे २०२० मध्ये त्या राज्यानं सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी मेडिकलच्या साडेसात टक्के जागा वेगळ्या ठेवल्या. पोरगी हुशार होती यात कुणाला शंका नव्हती. परीक्षाच वेगळी होती.

म्हणून निकालाच्या दिवशी पोरीला एकटं सोडू नका. ती जेवत नसेल, झोपत नसेल, 'माझा काही उपयोग नाही' असं बोलत असेल तर ते नाटक समजू नका. १४४१६ हा सरकारचा टेली मानस नंबर आहे. फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. आईनंही फोन केला तरी चालतो.

आणि एमबीबीएस नाही झालं तर त्याच नीटच्या मार्कांवर बीएएमएस, बीएचएमएस, दाताची बीडीएस, जनावरांच्या डॉक्टरचा कोर्स आहे. बीएससी नर्सिंगला वेगळी सीईटी आहे. तिचा फॉर्म नीटच्या निकालाच्या बराच आधी भरायचा असतो, तेव्हा दोन्ही फॉर्म भरून ठेवा. येत्या बैठकीला अकरावी-बारावीतल्या पोरींच्या आयांनी कागदांची पिशवी बरोबर आणा, आपण एकत्र बसून बघू काय आहे आणि काय काढायचं राहिलंय.