मजा संपली, खेळ सुटत नाही

मोबाइलवरच्या खेळांबद्दल आपण खूप ऐकतो. पोरगा जेवण विसरला, अभ्यास विसरला, दिवसभर त्यातच रमला, असे ते बोलणे असते. मला आज अशा पोरांबद्दल बोलायचे आहे जी त्यात आता रमतही नाहीत. खेळ कंटाळवाणा झालेला आहे, हे त्यांना स्वतःला कळते. तरी रोज रात्री बोट त्याच चित्रावर जाते.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात शिक्षक आहे. शाळा सोडून गेलेली मुले भेटायला येतात, तेव्हा बोलता बोलता हा विषय निघतो. एकाने मला जे वाक्य सांगितले, ते नंतर मी इतरांच्या तोंडूनही ऐकले. "मजा नाही येत जी आता, पण सुटत नाही." या वाक्यातली तक्रार मला खरी वाटते, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून हा विषय निवडला.

ही सवय आपल्याकडे कशी आली, ते आधी बघू. २०२० साली टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून घराघरांत स्मार्टफोन आले. त्याच फोनवर 'फ्री फायर' आला. हा खेळ स्वस्तातल्या फोनवरही चालतो. ५० खेळाडू एका बेटावर उतरतात आणि साधारण दहा मिनिटांत डाव संपतो. जिथे टावर कधी असतो, कधी नसतो, तिथे दहा मिनिटांचा डाव सोयीचा पडतो. आपल्या तालुक्यात १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे आहेत, गोंड-माडिया वस्त्या आहेत, मराठी गावे आहेत. शाळेत ही मुले एका वर्गात बसत. टाळेबंदीत वर्ग गेला, पण खेळातला स्क्वाड, म्हणजे संघ, राहिला. सुंदरनगरकडचा पोरगा, एखाद्या टोल्यावरचा पोरगा आणि मुलचेरा गावातला पोरगा एकाच स्क्वाडमध्ये रात्री भेटत होते. त्या दिवसांत या खेळाने मुलांना एकमेकांशी जोडून ठेवले, हे मी मनापासून मानतो. ज्याने आधार दिला त्याला नुसत्या शिव्या देऊन कोणी त्यातून बाहेर पडत नाही.

मग बंदी आली. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने 'पबजी मोबाइल'सह ११८ अ‍ॅप बंद केले. १४ फेब्रुवारी २०२२ ला 'फ्री फायर' बंद झाला. मुलांनी काय केले? 'फ्री फायर मॅक्स' चालूच होता, ती तिकडे गेली. पबजीची जागा 'बीजीएमआय'ने घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो योग्यच झाला, घरे बुडत होती. पण मी ज्या खेळांबद्दल बोलतो आहे त्यांत पैजेचा पैसा नाही, ते कायदेशीर आहेत. त्यामुळे ते सोडायचे की नाही, हे खेळणाऱ्यालाच ठरवावे लागते.

खेळ नकोसा झालेला पोरगा रात्री नेमके काय करतो, हे मी शेजारी बसून पाहिले आहे. फोन उघडला की खेळाच्या चित्रावर लाल ठिपका दिसतो. आत गेल्यावर आजच्या हजेरीचे बक्षीस घ्यायचे. मग दिवसाची कामे: इतके डाव खेळा, इतक्यांना मारा. ती झाली नाहीत तर आठवड्याचे बक्षीस हुकते. आठवड्याचे हुकले तर इव्हेंटमधली बंदुकीची स्किन, म्हणजे नवे रूप, मिळत नाही. चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही. वीजबिलाच्या रांगेत उभा असलेला माणूस दिसतो तसा तो दिसत होता. एक डाव जिंकला, तेव्हाही तो काही बोलला नाही, अंगठ्याने पुढचे बटण दाबले. मग कधीतरी सीझन संपतो, महिनाभर रात्री जागून चढवलेली रँक खाली येते, आणि ती चढवण्याचा 'पुश' पुन्हा सुरू.

आवडत नाही तर करतो कशाला, असे आईबाप विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शास्त्रात आहे. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज हे शास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करत होते. गोड चव आवडली की उंदीर ओठ चाटतो, जिभेची विशिष्ट हालचाल करतो, आणि ती मोजता येते. १९९१ साली बेरिज आणि त्यांचे सहकारी व्हॅलेन्स्टाइन यांनी उंदरांच्या मेंदूच्या एका भागाला विजेची हलकी उत्तेजना दिली. उंदीर अधाशासारखे खात सुटले. पण अन्न आवडल्याची ती खूण वाढली नाही. ओढ वाढली, गोडी नाही. १९९३ मध्ये बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी त्यावरून मांडले की हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूत वेगवेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनात पहिली वाढत जाते, दुसरी तिथेच राहते किंवा कमी होते. आपल्या पोराचे वाक्य पुन्हा आठवून पाहा. तो खोटे बोलत नव्हता, आणि त्याची इच्छाशक्ती दुबळी आहे असेही मी म्हणणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतले आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. निदानाच्या खुणा अशा आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला महत्त्व देणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारण वर्षभर चाललेले असणे. या खुणांत मजा येते की नाही, हे कुठेही विचारलेले नाही. कंटाळून खेळणारी बहुतेक मुले आजारी नसतात, हे मी स्पष्ट सांगतो. पण 'त्याला काही फार आवडत नाही, म्हणजे व्यसन नसेल' असे मानून निश्चिंत होणेही चूक आहे.

खेळ न सुटण्याचे आणखी एक कारण बघायला आता आपल्या झाडीपट्टीकडे या. दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मंडळ्या गावोगाव जातात, रात्री उशिरा पडदा उघडतो, पहाटे नाटक संपते आणि माणसे डोळे चोळत घरी येतात. रात्रभर जागूनही त्या जागरणाचा त्रास वर्षभर राहत नाही, कारण शेवटचा अंक असतो, पडदा पडतो. ऑनलाइन खेळाला शेवटचा अंकच नसतो. बनवणाऱ्यांनी तो मुद्दाम ठेवलेला नसतो, कारण खेळाडू संपवून निघून गेला तर त्यांचा धंदा संपतो. 'फार्मव्हिल' नावाचा खेळ २००९ मध्ये फेसबुकवर आला. त्यात शेत लावायचे, आणि वेळेत परत येऊन कापले नाही तर पीक वाळायचे. ज्यांच्या आयुष्यात शेत नव्हते असे लोक त्या वाळणाऱ्या पिकासाठी हातातले काम सोडून फेसबुक उघडत. ३१ डिसेंबर २०२० ला कंपनीनेच तो बंद केला. तो शेवट खेळाडूंच्या हातात नव्हता. आपल्याला तो स्वतः आणावा लागतो.

हा शेवट आणताना सर्वांत मोठा अडथळा येतो तो आतापर्यंत घातलेल्या वेळेचा. "तीन वर्षं घातली सर, आयडीवर किती स्किन आहेत बघा." याच अडथळ्याबद्दल १९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या दोन संशोधकांनी एक प्रयोग छापला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटे घेणाऱ्यांपैकी काहींना पूर्ण किमतीत, काहींना सवलतीत तिकीट दिले. कोणाला काय मिळणार, ते नशिबावर सोडले होते. ज्यांनी पूर्ण पैसे भरले, ते पहिल्या सहामाहीत जास्त नाटकांना गेले. नाटके तीच होती. गेलेला पैसा त्यांना खुर्चीत आणून बसवत होता. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: दुसऱ्या सहामाहीत हा फरक राहिला नाही. गेलेल्या वेळेची टोचणी कायमची नसते. सोडल्यावर सुरुवातीला ती बोचते, मग बोथट होते.

ज्या पोराच्या शेजारी बसून मी खेळ पाहिला, त्याला मी एक साधे काम दिले. वही जवळ ठेव, प्रत्येक डाव झाला की एवढेच लिही: मजा आली की नाही आली. फोन सोड असे म्हटलेच नाही. वही घेऊन तो आला तेव्हा पानावर खाली खाली 'नाही' लिहिलेले होते, आणि मधूनच एखादे 'आली'. ती 'आली' कुठे आहेत ते आम्ही दोघांनी पाहिले. ज्या डावांत त्याचे दोन जुने मित्र सोबत बोलत होते, तिथेच ती होती. त्यांतला एक मिरची तोडायला तेलंगणात गेला होता, दुसरा घोट-आष्टीकडे कामाला लागला होता. अनोळखी लोकांसोबतच्या एकाही डावापुढे 'आली' नव्हते. त्याला खेळ हवा नव्हता, ते दोघे हवे होते. आणि रोज रात्री तो जे करत होता त्यातला फार मोठा भाग त्या दोघांशिवायचा होता.

मग सोडणे सोपे गेले असे नाही, पण कुठून सुरुवात करायची ते कळले. त्याने आधी त्या दोघांना सांगितले: हा सीझन शेवटचा. सांगणे महत्त्वाचे, कारण न सांगता गायब झालेल्याला स्क्वाडचे बोलावणे येतच राहते आणि माणूस मैत्रीपोटी परत जातो. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फोनवर बोलायचे ठरले. मग लाल ठिपके बंद केले, म्हणजे नोटिफिकेशन. नुसते अ‍ॅप काढून भागत नाही, आयडी तिथेच राहतो आणि टावर आला की काही मिनिटांत सगळे परत येते. खाते कायमचे बंद करण्याची विनंती बहुतेक खेळांत करता येते, ती करावी. आयडी विकायच्या नादाला लागू नये, त्यात फसवणूक फार होते. आणि ती रात्रीची वेळ मोकळी ठेवू नये. मोकळी राहिली की तिथे रील्स येऊन बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्या गावांत व्हॉलीबॉलचे जाळे अजून लागते. संध्याकाळी घामाने थकलेल्या पोराला रात्री फोनची आठवण कमी येते.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. घरचे सगळे अंधारातच जंगलात जातात, दुपारी पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, नेऊन देतात. तेव्हा खेळ आपोआप सुटतो, हे अनेक मुलांनी मला सांगितले. पण हंगाम संपून फोन हातात आला की खेळ 'पुन्हा स्वागत' म्हणून भरघोस बक्षीस देतो. सोडून गेलेल्याला परत आणायची ती युक्तीच असते. म्हणून ज्याला खरेच सोडायचे आहे त्याने तेंदूच्या हंगामातच खाते बंद करावे. तेव्हा ओढ सर्वांत कमी असते.

एकट्याने हे जड जाते, आणि आपल्या जिल्ह्याला हे सांगायची गरज नाही. १९९३ पासून गडचिरोलीत दारूबंदी आहे आणि ती बायकांच्या, गावांच्या आंदोलनातून आली. मुक्तिपथ अभियानात गावोगावच्या संघटना दारू आणि तंबाखूच्या खर्ऱ्याविरुद्ध काम करतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. साडेआठपर्यंत गावात फोन आणि टीव्ही बंद. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. सुरुवातीला पुरुषांनी हसण्यावारी नेले होते. मग बायका एकत्र आल्या आणि आमच्याही मालिका बंद, असे त्यांनी आधी कबूल केले, तेव्हा ते जमले. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या ग्रामसभेने हा ठराव घ्यावा, अशी माझी इच्छा आहे. भोंग्याला टावर लागत नाही.

आईबापांना दोन गोष्टी सांगतो. फोन आपटून फोडू नका, हिसकावून घेऊ नका. पोराच्या शेजारी बसा आणि त्याला म्हणा, हे काय आहे मला दाखव. दाखवता दाखवता तो स्वतःच सांगेल की यात आता काही राहिले नाही. ते त्याच्या तोंडून आले पाहिजे. आणि झोप गेली, जेवण सुटले, चिडचिड मारहाणीपर्यंत गेली किंवा पोरगा जिवाचे काही बोलू लागला, तर वाट बघू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येते. पोराला लाज वाटत असेल तर आधी तुम्ही स्वतः लावा आणि काय करायचे ते विचारून घ्या.