एका कानाने ऐकताना



चार वर्षांपूर्वी माझा डावा कान गेला. आतली नसच निकामी झाल्याचे तपासणीत निघाले. जन्मभर लोकांना साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. स्वतःच्या कानापुढे मात्र हात टेकले, हे आधीच कबूल करतो. तुम्ही हुबळी-धारवाडचे. इथे कान जाणे म्हणजे काय, ते तुम्हांला वेगळे सांगायला नको.

एक कान गेला की आवाज कमी होतो, त्याहून वाईट म्हणजे दिशा जाते. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने, आणि किंचित मंद होऊन पोहोचतो. तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. आता हॉर्न वाजला की मी रस्त्यात उभा राहून चहूकडे बघतो.

स्टिरिओ उभा आहे तो याच दोन कानांच्या हिशोबावर. लंडनच्या ईएमआय कंपनीतील ॲलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. एचएमव्ही त्याच घरची. आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी त्याच एचएमव्हीसाठी आपल्या गंगूबाई हनगल मुंबईत गात होत्या. तबकडीवर नाव ‘गांधारी हुबळी’. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, सगळे एकाच वाहिनीवर. म्हणजे माझ्यासारखेच, एका कानाचे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर बाईंचा आवाज पार बदलला. त्याआधीचा चढा, कोवळा आवाज उरला आहे तो या तबकड्यांत. त्या ऐकताना मला काही उणे वाटत नाही.

पुढे दोनाच्या चार वाहिन्या झाल्या. फिलिप्सने १९७०च्या दशकात पाश्चात्त्य अभिजात संगीत चार वाहिन्यांवर मुद्रित केले, पण विकले स्टिरिओतच. फिलिप्सच्याच जुन्या माणसांनी २००१ मध्ये पेंटाटोन कंपनी काढली आणि त्या टेपा चारही वाहिन्यांसह सुपर ऑडिओ सीडीवर आणल्या. नॉर्वेची टू एल कंपनी तर वादकांना मायक्रोफोनभोवती गोल बसवते. ऐकणारा मधोमध! मुलाने हौसेने घरी पाच स्पीकर बसवले. मला पाचही एकाच कोपऱ्यातून ऐकू येतात. त्याला अजून सांगितलेले नाही.

पण मधोमध बसायचा मान आपल्याकडे कोणाचा? मैफलीत मागे दोन तंबोरे, उजवीकडे तबला, डावीकडे पेटी. सतरंजीवरच्या तुमच्या-माझ्यापर्यंत सगळे समोरूनच येते. सभोवारचा आवाज मिळतो गाणाऱ्याला, आणि थोडाफार मागे बसून साथ करणाऱ्याला. कृष्णा हनगल आईच्या मागे बसून वर्षानुवर्षे गायल्या. त्यांच्या कानांत जे गेले असेल ते कुठल्या तबकडीत सापडायचे? ख्यालाचे सभोवार मुद्रण करायचेच तर मायक्रोफोन श्रोत्यांच्या जागी नको. तो तंबोऱ्यांच्या पुढ्यात, गाणाऱ्याच्या कानाच्या उंचीला हवा. कंपन्या सभागृहाचा घुमारा पकडायला जातात, आणि आपले सभागृह तर त्या दोन भोपळ्यांतच असते.

गेल्या श्रावणात सूर्यास्ताआधी जेवण उरकून एका विद्यार्थिनीच्या रियाजाला गेलो. परवानगी घेऊन तंबोरा मांडीवर घेतला. दिशा काही कळली नाही. पण भोपळा हाडाला टेकला होता, आणि खर्ज तिथून वर चढत होता. थोड्या वेळाने मी म्हणालो, “बाळ, जोडातली एक तार उतरली आहे.”

तिने कान लावून पाहिले आणि खुंटी पिळली.