सातवा कोर्स नको, आधी फाईल आणा

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या, खटाव तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. आज बोलणार आहोत शिकलेल्या लेकीसुनांच्या नोकरी शोधण्याविषयी. तुम्ही म्हणाल, तुमच्यातल्या निम्म्या सातवीपर्यंत शिकलेल्या, तुम्हाला यातलं काय कळतं? खरंय, काही कळत नव्हतं. पण गटातून कर्ज जात होतं, म्हणून कळून घ्यावं लागलं.

झालं असं. श्रावणातल्या बैठकीत आमच्यातल्या एकीची सून कर्ज मागायला आली. बारा हजार रुपये पाहिजेत म्हणाली, टॅलीचा कोर्स करायचा आहे. सासू शेजारीच बसलेली. ती म्हणाली, “हिचं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या.” सगळ्या हसल्या. पोरगी हसली नाही.

आम्ही गटाचं रजिस्टर उघडून बघितलं. हिच्या शिवणाच्या कोर्सला कर्ज आम्हीच दिलेलं, टायपिंगच्या फीलाही आम्हीच दिलेलं. शेकडा दोन व्याजानं. हप्ते बिनचूक आले, नोकरी मात्र आली नाही. तेव्हा आमचंही चुकलंच की. कोर्स कशासाठी, त्यातून कोणतं काम मिळेल, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. कोर्स करणं सोपं असतं. पैसे भरले, वर्गात बसलं, की कागद मिळतो. नोकरी शोधायला गेलं की नकार ऐकावा लागतो, म्हणून पोरी पुन्हा कोर्सकडे वळतात. आम्ही कर्ज नाही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, पुढच्या बैठकीला तुझी सगळी फाईल घेऊन ये.

ती प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळं घेऊन आली. आम्ही सतरंजीवर एकेक कागद मांडला. बी.एस्सी., रसायनशास्त्र घेऊन, शिवाजी विद्यापीठाची, 2012 ची. एमएस-सीआयटी. वडिलांची इच्छा म्हणून केलेलं डी.एड. मराठी टायपिंग, मिनिटाला 30 शब्दांचं. माती परीक्षणाचं प्रशिक्षण. आणि शिवण. सहा कागद झाले. वय 33, पदरात दोन मुलं.

डी.एड.ची गोष्ट तर घरोघरी आहे. आमच्या भागात पोरींनी रांगा लावून डी.एड. केलं. मग शिक्षक व्हायला टीईटी लागायला लागली. राज्यात पहिली टीईटी 2013 साली झाली. दीडशे मार्कांची परीक्षा, खुल्या गटाला 90 मार्क पाहिजेत. हिला एकदा 84 पडले, एकदा 86. त्यातच लग्न झालं, आणि भरतीही वर्षानुवर्षं निघाली नाही. त्यात तिचा काय दोष?

मग तिनं कुठंकुठं अर्ज केले ते विचारलं. एका खाजगी शाळेत गेली होती. तिथं साहेबांनी फाईल चाळली आणि विचारलं, “मास्तरीण व्हायचंय, टायपिस्ट व्हायचंय का शिंपीण? नक्की ठरवा आणि या.” येताना एसटीत तोंडावर पदर घेऊन रडली, हे तिनं आम्हाला तेव्हा सांगितलं. सासूलाही माहीत नव्हतं. दुसरीकडे एका पतसंस्थेत गेली, तर तिथं म्हणाले, बी.एस्सी. बाई आमच्याकडे टिकायची नाही. म्हणजे एका ठिकाणी शिक्षण विस्कळीत, दुसऱ्या ठिकाणी जास्त!

दोन्हीकडे दिलेला बायोडाटा एकच. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून काढलेला. आमच्यातल्या एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात उंची होती, वर्ण गोरा होता, रास होती. झेरॉक्सवाल्यानं लग्नाच्या बायोडाट्यातच शिक्षण भरून दिलेलं! हसून हसून पुरेवाट झाली. या खेपेला पोरगीही हसली.

हसणं थांबल्यावर गटातली गोधडी शिवणारी म्हातारी बोलली. “चिंध्या आहेत हे खरं. पण शिवायच्या कुणी? नोकरी देणारा थोडाच शिवत बसणार हाय?” आम्हाला ते पटलं. सगळे कागद एकाच वेळी सगळ्यांसमोर टाकायचे नाहीत. ज्या कामाला जायचं त्या कामाचं वर, बाकीचं खाली, काही तर घरीच ठेवायचं. खोटं एक अक्षर लिहायचं नाही, फक्त क्रम बदलायचा. शाळेला जाताना डी.एड. वर. पतसंस्थेला जाताना संगणक आणि टायपिंग वर. तिथं शिवण लिहायचं नाही म्हटल्यावर सासू तडकली, “का म्हणून? त्याचे पैसे भरलेत!” तिला समजावताना अर्धा तास गेला.

आणि मग निघाली खरी गोष्ट. आम्ही विचारलं, लग्नानंतर तू काय काम केलंस? म्हणाली, काही नाही, घरीच. आता हिच्या सासऱ्याचं गावात दूध संकलन केंद्र आहे. आम्ही सगळ्याजणी तिथं दूध घालतो. सहा वर्षं झाली, रोज सकाळी साडेसहाला आमचं दूध घेते ती हीच! फॅट आणि एसएनएफ मशीनवर काढणं, कॉम्प्युटरवर नोंद करणं, दर दहा दिवसांनी सत्तर घरांची बिलं काढणं, सगळं तिच्याकडेच. मशीन बिघडलं होतं तेव्हा डेअरीच्या सुपरवायझरकडून गर्बरची पद्धत शिकून तिनं हातानं फॅट काढलं होतं. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये 10 मिली गंधकाम्ल, त्यावर 10.75 मिली दूध, मग 1 मिली अमाईल अल्कोहोल, नंतर बूच लावून यंत्रात फिरवायचं. गंधकाम्ल कसं हाताळायचं हे तिला बी.एस्सी.मुळे माहीत होतं. सासऱ्याचा हात भाजला असता. हे सगळं बायोडाट्यात कुठंच नव्हतं. विचारलं तर म्हणते, ते घरचं काम, त्याचा पगार कुठं मिळतो?

बायांनो, आपण सगळ्या हेच म्हणतो.

नवीन बायोडाटा नातीनं मोबाईलवर लिहिला. एकच पान. वर नाव, गाव, फोन. मग कामाचा अनुभव: दूध तपासणी आणि हिशोब, सहा वर्षं, रोज सत्तर उत्पादक. मग बी.एस्सी. रसायनशास्त्र. मग एमएस-सीआयटी. माती परीक्षण एका ओळीत, कारण तिथंही नमुना घेणं आणि नोंद ठेवणं आलंच. डी.एड. शेवटी. मधली चार वर्षं मुलं लहान होती म्हणून घरी होते, हेही सरळ लिहिलं. ते लपवलं तर विचारणाऱ्याला भलतीच शंका येते.

एक अडचण आणखी होती, ती तुमच्याही घरात असेल. मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढला आणि त्याची प्रत प्रत्येक अर्जाला जोडायची असं ठरलं. सरकारी नोकरीत नावबदलाचं राजपत्रही मागतात, त्याला वेळ लागतो. जाहिरात आल्यावर धावाधाव करू नका, आधीच करून ठेवा.

नोकरीची खबर कुठल्या जाहिरातीतून आली नाही. दुधाच्या टँकरवर जाणारा ड्रायव्हर म्हणाला, शीतकरण केंद्राच्या लॅबमधला पोरगा सोडून गेलाय. आम्ही प्रत्येकीनं आपापल्या ओळखीत सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यानं ते आवर्जून सांगितलं. महास्वयंमवर नाव नोंदवा, जाहिराती बघा, सगळं करा. पण दूधवाला, ड्रायव्हर, नर्सबाई, यांनाही सांगून ठेवा. सांगायला लाजतो आपण. आणि कुणी नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागितले तर तिथूनच मागं फिरा. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एका पोरीनं पाच हजार दिले आणि मग तो फोन कधी लागलाच नाही. परीक्षेची फी वेगळी, ती सरकारी साइटवर भरतात आणि तिची पावती मिळते.

मुलाखतीची तालीम आम्ही देवळाच्या कट्ट्यावर घेतली. आमच्यातली सगळ्यात खडूस बाई साहेब झाली. तिनं तोच प्रश्न विचारला, “एवढं सगळं कशाला शिकलात?” पहिल्यांदा पोरीचे डोळे भरले. दुसऱ्यांदा गप्प बसली. तिसऱ्यांदा म्हणाली, “ज्या वेळी जे हाताशी होतं ते शिकले साहेब. त्यातलं तुमच्या कामाचं काय आहे ते सांगते.” तेवढंच पाठ करायला लावलं.

अर्ध्या तिकिटावर एसटीनं गेली, सासूला बरोबर घेऊन. केंद्रावर तो प्रश्न कुणी विचारलाच नाही! त्यांनी दुधाचा नमुना पुढं ठेवला आणि म्हणाले, यात काय आहे बघा. हिनं आयोडीनचे थेंब टाकले, दूध निळं झालं. “पिठूळ घातलंय,” म्हणाली. मग मशीन बरोबर दाखवतंय का हे कसं पडताळता, असं विचारलं. तिनं गर्बरचं सांगितलं. तीन महिने बघू, महिना साडेअकरा हजार, असं ठरलं. पगार फार नाही, हे आम्हालाही कळतं. नेमणुकीचं पत्र आणि पीएफ याविषयी विचार, असं तिला बजावून पाठवलं होतं. पत्र मिळालं, पीएफ तीन महिन्यांनी म्हणाले. आम्ही तारीख लिहून ठेवली आहे.

घरी मात्र ठिणगी पडली. सासरे म्हणाले, आता सकाळी फॅट कोण काढणार? चार दिवस स्वतः काढलं, बिलं चुकली, आम्हीच भांडायला गेलो. शेवटी गावातला एक पोरगा ठेवला, महिना तीन हजार देऊन. तो फक्त सकाळचा येतो, बिलं करत नाही. सासूनं परवा बैठकीत हिशोब मांडला. महिना तीन हजार म्हणजे सहा वर्षांचे किती होतात ते तिनं आम्हाला विचारलं. आम्ही कागदावर गुणाकार केला. दोन लाख सोळा हजार. सासरे तिथं नव्हते, पण निरोप पोचला असणार.

दुपारपाळीला परतताना शेवटची गाडी चुकते, तेव्हा नवरा मोटारसायकलवर आणायला जातो. रोज जाईल का, ते बघू.

टॅलीच्या कर्जाचा अर्ज तिनं मागं घेतला. टीईटी मात्र पुन्हा द्यायची म्हणते. त्याला आमची हरकत नाही. ते नवीन नव्हे, चार मार्कांनी अडलेलं जुनंच काम आहे, आणि आता एकदा पास झालं की ते प्रमाणपत्र कायमचं चालतं. खुल्या गटाला राज्य सरकारी नोकरीची वयोमर्यादा 38 आहे, म्हणजे पाच वर्षं हातात आहेत.

पुढच्या बैठकीला आणखी दोघी फायली घेऊन येणार आहेत. एक आयटीआय झालेली वायरमन आहे आणि तिनं एम.ए. मराठीही केलंय. दुसरीनं नर्सिंग अर्धं सोडलंय. दोघींना सांगितलंय, कागद सगळे आणा, आणि घरी रोज काय काम करता तेही एका वहीत लिहून आणा. बैठक गुरुवारी, दूध घातल्यावर.